गुरुवारी बंद पडणारी गाडी

भानुशेठनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा डॉक्टर तांबेबाईंची पांढरी गाडी पुन्हा गेटातून आत येत होती. टो करून नाही, ढकलतही नाही. स्वतःच्या इंजिनावर, अगदी गुणी मुलीसारखी. शेठनी काचेतून तिच्याकडे बोट केलं आणि विचारलं, "दिघे, आ पाछी आवी?"

परत आलीच होती, मी मान हलवली. दुसरं काय करणार?

वर्कशॉपच्या भाषेत अशा गाडीला कमबॅक म्हणतात. दुरुस्त करून, धुऊनपुसून दिलेली गाडी तीच तक्रार घेऊन परत येते, ती कमबॅक. मी तिथे सुपरवायझर होतो, त्यामुळे प्रत्येक कमबॅक माझ्या नावावर जमा व्हायची. नव्वदचं दशक होतं. बडोद्याच्या रस्त्यांवर नव्या नव्या गाड्या दिसायला लागल्या होत्या आणि आपल्याला एखादी डीलरशिप मिळावी म्हणून शेठ दर्शनी भागाला काचा लावून घेत होते. त्या काचांपलीकडे तीच ती गाडी परत परत उभी राहणं त्यांना बरं दिसत नव्हतं. गाडीला वायर जोडली की कॉम्प्युटर दोष सांगतो, हे आम्ही फक्त ऐकून होतो. आमच्याकडे टेस्ट लॅम्प होता, कान होते आणि नाक होतं.

तांबेबाईंचं रावपुऱ्यात प्रसूतिगृह होतं. दर गुरुवारी त्या पादऱ्याला एका ट्रस्टच्या दवाखान्यात बायकांना तपासायला जात. गाडी चालवायला रमणभाई, पन्नाशीचे, बोलायला कमी, हात हलका. गाडी जुनी, सेकंडहँड, पण चांगली ठेवलेली. आठवडाभर गावात कुठेही न्या, काही तक्रार नाही. गुरुवारी मात्र पादरा थोडंसं लांब राहिलं की इंजिन दोनचार आचके द्यायचं आणि बंद. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू. येताना काही नाही.

आणि बंद पडायची ती जवळजवळ एकाच जागी. तिथे रस्त्याकडेला चहाची लारी, म्हणजे हातगाडी, होती.

मी आधी कॉइल बदलली. कॉइल म्हणजे बॅटरीचा करंट वाढवून प्लगला ठिणगी पाठवणारा डबा. तो म्हातारा झाला की तापल्यावर मरतो आणि थंड झाल्यावर जिवंत होतो. लक्षण तंतोतंत जुळत होतं. गुरुवारी गाडी लारीपाशी बंद पडली. मग कार्बोरेटर उघडून साफ केला, इंजिनाचा पेट्रोल पंप बदलला, वायरिंग चाचपलं. स्वतः गाडी घेऊन हायवेला गेलो, पादऱ्याच्या दुप्पट अंतर पळवली. एक आचका नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा लारी.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग एका गुरुवारी दवाखान्यात एक बाई अडली होती. नर्सनं सकाळीच फोन करून बाईंना लवकर बोलावलं होतं. गाडी बंद पडली. बाई थांबल्या नाहीत. बॅग घेऊन रस्त्यावर उतरल्या आणि एका छकड्याला हात केला. छकडा म्हणजे आपल्याकडची ती मोटरसायकलचं तोंड असलेली तीनचाकी, जिच्यात माणसं आणि दुधाचे कॅन शेजारी शेजारी बसतात. बाई कॅनांमध्ये बसून गेल्या आणि वेळेत पोचल्या. बाळ-बाळंतीण सुखरूप. पण आणखी थोडा उशीर झाला असता तर काय, हे त्यांनी मला फोनवर शांतपणे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान आले. मनोहर तांबे एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळत. गेटातून काय आत आलं आणि काय बाहेर गेलं, यावर नजर ठेवणं हा त्यांचा रोजचा धंदा. ते बसलेही नाहीत.

"दिघे, तुम्ही गाडीत दोष शोधताय, दोष ड्रायव्हरमध्ये आहे."

मी विचारलं, कसा? त्यांनी सगळा हिशेब मांडला. गाडी तुमच्या हातात बंद पडत नाही, माझ्या हातात बंद पडत नाही, रमणच्याच हातात पडते. एकाच जागी पडते. तो लारीवाला आता न सांगता रमणसाठी चहा ठेवतो, हे मिसेसनीच सांगितलं. याचा अर्थ काय? दोघांचं संगनमत आहे, की रमणला पादऱ्याची फेरीच नकोय, एवढंच त्यांना कळत नव्हतं. महिनाअखेरीला त्याला मोकळं करणार होते.

मी म्हणालो की इंजिन असं मुद्दाम बंद पाडता येतं, पण त्याचे आचके वेगळे असतात. त्यांना ते पटलं नाही.

ते गेल्यावर मी बाहेर आलो. रमणभाई गाडीजवळ उभे होते. खिडकीची काच उघडी होती, त्यांनी बरंचसं ऐकलं असणार. त्यांनी एवढंच सांगितलं की काढून टाकण्याआधी ते स्वतःच जातील. "पण साहेब, मी गेल्यावर गाडी परत बंद पडली तर मला निरोप द्या," ते म्हणाले.

मी शेठकडे गेलो आणि गुरुवारची सकाळ मागितली. दिवाळीपूर्वीची गर्दी, सगळ्या रॅम्पवर गाड्या चढलेल्या. शेठ म्हणाले की आधी हातातलं काम बघ. मी म्हणालो, डॉक्टरबाईंच्या ओळखीत निम्मा रावपुरा येतो. त्यांनी जायला सांगितलं.

गुरुवारी मी तांब्यांच्या घरी पोचलो. मनोहररावांनीही रजा टाकली होती. दर गुरुवारच्या सवयीप्रमाणे सकाळीच ते स्वतः पंपावर जाऊन टाकी गळ्यापर्यंत भरून आले होते. मी एकच अट घातली. गाडी मी चालवणार, रमणभाई मागे बसतील. बाई पुढे माझ्या शेजारी, मागे रमणभाई आणि मनोहरराव, दोघांच्या मध्ये बाईंची बॅग. अशी आमची वरात निघाली.

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंनी केळी, तूर, मधूनच विटांच्या भट्ट्या. लारीची ताडपत्री दिसायला लागली. गाडी बंद न पडता लारी मागे पडली असती तर रमणभाईंचं कठीण होतं. ती अगदी समोर आली तेव्हा इंजिननं पहिला आचका दिला. मग दुसरा. मी ॲक्सिलरेटर दाबला, उपयोग झाला नाही. गाडी माझ्या हातात, माझ्या पायाखाली, बंद पडली.

लारीवाल्यानं पातेलं चढवलं.

आरशात मला मनोहरराव दिसले. ते खिडकीबाहेर बघत होते.

मी उतरून बॉनेट उघडलं. त्या गाडीत पेट्रोल टाकीतून निघून एका पारदर्शक फिल्टरमधून पंपाकडे येई. फिल्टर म्हणजे कचरा गाळणारी बोटभर डबी. ती जवळजवळ कोरडी होती. म्हणजे ठिणगीचा प्रश्नच नव्हता, पेट्रोल पुढे येत नव्हतं. पंप नवा, नळी साफ, टाकी गळ्यापर्यंत भरलेली. मग अडतंय कुठे?

मी मागे गेलो, टाकीचं झाकण उघडायला. ते फिरेना. वाकून बघितलं तर झाकणाला कुलूप.

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

मनोहररावांनी खिशातून चावी काढली. पावसाळ्याआधी बाजारातून आणून बसवलं, म्हणाले. मी चावी फिरवली, झाकण सैल केलं आणि टाकीनं लांब श्वास घेतल्यासारखा आवाज आला. चांगला ऐकू येईल असा. पाठोपाठ आतला पत्रा टक्कन वाजला.

मी बॉनेटकडे न जाता सरळ सीटवर बसून स्टार्टर मारला. थोडा फिरला आणि गाडी सुरू झाली. ना थांबणं, ना थंड होणं.

मग तिथेच उभं राहून मी तिघांना समजावलं. टाकीतून पेट्रोल बाहेर गेलं की त्याच्या जागी हवा आत यावी लागते. कंपनीच्या झाकणाला त्यासाठी बारीक भोक असतं. बाजारच्या या झाकणाला ते नव्हतं. बाटली तोंडाला घट्ट लावून पाणी ओढलं की थोड्या वेळानं पाणी येईनासं होतं, तसं. गाडी उभी राहिली की रबराच्या कडेनं हवा हळूहळू आत झिरपायची आणि मग ती चालू व्हायची. टाकी भरलेली असली की आत हवेला जागा कमी, म्हणून हे लवकर होतं. दर गुरुवारी तोच पंप, तेवढीच भरलेली टाकी, तोच रस्ता. म्हणून तीच लारी. मी हायवेला नेली तेव्हा टाकी अर्ध्याहून जास्त रिकामी होती, म्हणून खोड मला सापडली नाही.

बाईंनी ऐकून घेतलं. मग नवऱ्याला विचारलं, "कुलूप कोणासाठी लावलं होतंत?"

मनोहरराव म्हणाले की सोसायटीत स्कूटरमधून पेट्रोल चोरीला जात होतं. ते खरंही असेल. पण चावी ड्रायव्हरकडे का नव्हती, हे तिथल्या कोणालाही विचारावं लागलं नाही. रमणभाई लारीकडे तोंड करून उभे होते. बाई गाडीत जाऊन बसल्या.

झाकण सैल ठेवून, वर फडकं बांधून आम्ही पादऱ्याला पोचलो. मी परत आल्यावर भोक असलेलं झाकण मागवून बसवलं. पुढचे गुरुवार सुरळीत गेले. मनोहररावांनी आपण होऊन गॅरेजमध्ये येऊन माझ्यासमोर रमणभाईंना सांगितलं की माझं चुकलं, आणि नव्या झाकणाची चावी पुढे केली. त्यालाही कुलूप होतंच, ते मात्र त्यांनी सोडलं नव्हतं.

रमणभाईंनी चावी घेतली नाही. "तमारी पासे ज राखो, साहेब," ते म्हणाले. "टाकी तुम्ही भरता तेच बरं आहे." ते कुठेही गेले नाहीत. बाईंनी गाडी विकेपर्यंत तीच चालवत राहिले.

शेठना डीलरशिप मिळाली, कॉम्प्युटरही आला. पण गिऱ्हाईक समोर बसलं की मी 'काय बिघडलंय' हे नंतर विचारतो. आधी विचारतो, अलीकडे गाडीत काय सुधारणा केली?