ब्रदरांची गाठ सुटली

चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर घर खायला उठतं. त्यात बायको गेलेली, मुलगा लांब. त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या पोरांना टाके घालायला शिकवाल का, असं मेडिकल कॉलेजनं विचारलं तेव्हा ब्रदरांनी पगार किती हेही विचारलं नाही. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळ्या इस्पितळाचे ते ब्रदर.

तळमजल्यावरची खोली मिळाली. पोरं आधी ड्रॉवरच्या मुठीला दोऱ्याच्या गाठी मारायची, मग केळीच्या सालीला टाके, मग खाटकाकडून आणलेल्या कातड्याला. दुसरा वेढा घेताना हात उलटे फिरवायचे असतात. नाही फिरवले तर गाठ दिसते अगदी तशीच, पण ओढली की सरकते. ब्रदर प्रत्येकाची गाठ ओढून बघायचे आणि सरकली की कात्री चालवायचे. "चुकली तर चुकली म्हणा रे! पेशंटच्या अंगात लपवाछपवी चालत नाही." पोरं मागून त्यांची हुबेहूब नक्कल करायची.

एक मुलगी डावखुरी होती. तिला शिकवायला ते शेजारी न बसता समोर बसत, म्हणजे आरशात पाहिल्यासारखं तिला उचलता येई. ती बोलायची कमी, पण तिचा ब्रदरांवर फार जीव होता.

सत्र संपताना एक रीत होती. ब्रदर गाठ मारायचे आणि पोरांनी ती ओढून सोडवायची. अकरा वर्षांत एकालाही जमलं नव्हतं. पण यंदा पाच महिने ब्रदरांचा उजवा हात कापत होता. बशी खडखडते म्हणून त्यांनी चहा नुसत्या कपातून प्यायला सुरुवात केली होती. सांगणार कुणाला? सांगितलं की खोली गेली, आणि खोली गेली की मागे उरतं काय?

त्या दिवशी विभागप्रमुख मॅडमही बघायला आल्या. ब्रदरांनी घाईनं दोन वेढे घेतले, दुसऱ्यांदा हात उलटे फिरलेच नाहीत. डावखुरीनं ओढलं आणि गाठ अलगद सरकली. तिनं ब्रदरांच्या बोटांकडे पाहिलं, एका क्षणात दोरा मुठीत गोळा केला आणि म्हणाली, "तुटला, मॅडम. दोरा जुना असेल."

"नवं रीळ मागवा," मॅडम हसून म्हणाल्या.

अहो, एक वाक्य बोलायचं होतं! पण ब्रदर मूग गिळून बसले.

पंधरा दिवसांनी डावखुरी खोलीत आली, दार लोटून घेतलं. "तुम्हाला म्हणून सांगते हं, ब्रदर. परवा एका आजोबांच्या पायाला मी टाके घातले. सीनियर फोनवर होते. एक गाठ सरकल्यासारखी वाटली. ते विचारायला आले तर मी ठीक आहे म्हटलं, आणि वर पट्टी बांधली."

"आजोबा कुठेत?"

"वॉर्डात. ताप आलाय थोडा."

ब्रदरांनी तिचं मनगट धरलं आणि तिला जवळजवळ ओढतच वर नेलं. पट्टी सोडली तर जखम उकललेली, आत पू. आजोबा कण्हत होते. टाके सगळे काढून जखम पुन्हा साफ करावी लागणार होती. त्यात आजोबांना मधुमेह. पायाची बोटं तरी वाचतील का, ते कुणी छातीठोकपणे सांगेना.

मॅडम धावत आल्या. ब्रदरांनी सगळं सांगितलं, आधी स्वतःच्या गाठीचं, मग तिच्या गाठीचं. मॅडमनी हात पुढे केला. ब्रदरांनी खोलीची किल्ली काढून दिली. मुलीला सहा महिने वॉर्डात पाय ठेवायला बंदी झाली.

जिन्यापाशी ती थांबली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"मी तुमच्यावर पांघरूण घातलं होतं, ब्रदर. तुम्ही माझ्यावर नाही घातलंत."

याला उत्तर होतं. ते पंधरा दिवसांपूर्वी, मॅडमसमोर, सगळ्या पोरांसमोर द्यायचं होतं. आता ते देण्यात काय अर्थ? ती खाली निघून गेली.