सुट्टीचा पहारा

सुट्टी आली की सगळं गाव सैलावत असे. अध्यक्षकाकू मात्र अस्वस्थ होत. शनिवार-रविवारला जोडून एखादा सण आला की त्यांचा चेहरा उतरे. "कोर्ट बंद, तहसील बंद. पाडणाऱ्याले अजून काय पायजे?" असं म्हणत त्या पिशवीत डबा आणि चादर भरत आणि बाजारातल्या रुईच्या हॉलमध्ये मुक्कामाला जात.

हायवेवरच्या जामहून आत वळलं की आमचं गाव लागतं. काकू इथल्या नगराध्यक्ष होत्या तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. पुढे पद गेलं, हाक तेवढी उरली. जुना दवाखाना पाडला गेला, धर्मशाळा गेली. दोन्ही सुट्टीच्या दिवशीच. उरलं होतं वाचनालय आणि हा हॉल. चुन्याच्या जाड भिंती, सागवानी खांब, एकेकाळी इथे कापसाचा लिलाव होई, म्हणून तो रुईचा हॉल. त्या जागेवर व्यापारी संकुल येणार हे सर्वांना माहीत होतं. बोलत कोणीच नव्हतं.

इमारत रिकामी ठेवायची नाही, ही काकूंची रीत. "रिकामी दिसली की तिले धोकादायक म्हणतात," त्या सांगत. हॉलमध्ये त्यांनी बायकांचं भजन आणलं, शिवणवर्ग आणला आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळाही. सजवलेले लाकडी नंदी ओढत पोरं यायची, काकू उत्तम नंदीला बक्षीस द्यायच्या. "ज्या पोरानं इथं नंदी नाचवला, तो मोठा होऊन इथं जेसीबी आणन काय?" हा त्यांचा भरवसा. आजचे नगराध्यक्ष बापू यांनाही लहानपणी याच हॉलात काकूंच्या हातचं पहिलं बक्षीस मिळालं होतं.

हॉल वाचवा म्हणून मी एक पत्रक लिहिलं होतं. ते त्यांनी चष्मा लावून वाचलं. "वारसा, वारसा लई लिवलं पोरी. पण हॉल किती वाजता उघडते, थे काऊन नाई लिवलं? लोकं येतीन कसे?"

दोन वर्षांपूर्वी पोळ्याआधी बापू काकूंच्या घरी आले, पाया पडले. "काकू, यंदा तान्हा पोळा शाळेच्या मैदानावर घेऊ. हॉलात पोरं मावत नाई. बक्षिसाले सायकली ठेवल्या. द्याले तुमीच या."

मी म्हटलं, नको. सुट्टी आहे, हॉल उघडा पडेल.

काकू माझ्यावरच चिडल्या. "पोरायचा दिवस हाय. अन् बापू माह्या हातचं बक्षीस घेतलेला हाय."

मैदानावर डीजे एवढा दणाणत होता की शेजारचं बोलणं ऐकू येत नव्हतं. काकू एका मुलीला सायकल देत होत्या. तेवढ्यात बाजाराच्या बाजूला, घरांच्या वर, पांढरी धूळ चढताना दिसली. आवाज काहीच नाही. नुसती धूळ. काकूंनी स्टेजवर नजर फिरवली. बापूंची खुर्ची रिकामी होती.

आम्ही हॉलपाशी पोचलो तेव्हा पोलिसांनी दोर बांधला होता आणि आत अर्धी भिंत उभी होती. दोरापलीकडून बापू आले. "भिंती खचल्या होत्या, काकू. उद्या पोरायच्या अंगावर पडल्या असत्या. पण संकुलाले तुमचंच नाव देतो, शब्द हाय माहा."

काकू धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. "नाव मेलेल्याचं देतात, बापू. मी मरेपर्यंत थांबशीन?"

बापूंना फार थांबावं लागलं नाही. त्याच हिवाळ्यात काकू गेल्या. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. मी तसं म्हणणार नाही. ज्या पोरांवर भरवसा ठेवला, त्यातल्याच एकाने ती भिंत पाडली. मला दुसरं कारण शोधावंसं वाटत नाही. संकुलावर आज त्यांचं नाव सोनेरी अक्षरांत आहे. त्यांना शेवटचा निरोप द्यायला गाव लोटलं होतं आणि सर्वांत पुढे बापू होते.

गेल्या आठवड्यात वाचनालयात गेले, तर दोन माणसं भिंतीला टेप लावून माप घेत होती.

"काय चाललंय?"

"मोजणी करून राह्यलो, ताई. जुनं पाडून मोठं वाचनालय बांधनार हाय."

"कोणी ठरवलं?"

"थे वरून ठरलं. नाव बी ठरलं. काकूचंच." टेप गुंडाळत तो हसला. "तुमी तर त्याईच्या जवळच्या. तुमाले खुशी व्हाले पायजे."