बियरवाल्यांच्या पानावर माझा आशीर्वाद

माझ्या मोबाईलवर बियर बनवणारे अकरा कारखाने आहेत. म्हणजे इन्स्टावर मी त्यांना फॉलो करते. वय पंचाहत्तर, शाळा चौथीपर्यंत, आयुष्यात बियरचा घोट घेतलेला नाही. बिल्डिंगमधल्या बाकीच्या म्हाताऱ्या सकाळी उठून देवांचे फोटो बघतात. मी फेसाचे बघते. फेस तरी रोज नवा असतो.

हे बियरवाले मोठे हुशार लोक. ग्लास उन्हात धरायचा, फोटो काढायचा आणि खाली निबंध लिहायचा. निबंध इंग्रजीत असतो, पण एक बटण दाबलं की मराठी होतं. मग कळतं की या बियरला भाजलेल्या पावाची, संत्र्याच्या सालीची आणि जुन्या लाकडी कपाटाची चव आहे. कपाट कोणी चाटून बघितलं ते लिहिलेलं नसतं. मालकाला दाढी असतेच. त्याने मोठी नोकरी सोडलेली असतेच. आणि प्रत्येक जण सांगतो, आम्ही थोडीच बनवतो, हाताने बनवतो, मनापासून बनवतो.

माझी आईही थोडीच बनवायची, कारण पिंप एकच होतं. कोलशेतच्या खाडीला तिवरांच्या झाडीत, चिखलात गळ्यापर्यंत पुरलेलं. काळा गूळ, नवसागर, पाणी. हाताने बनवायची. मनापासून बनवायची की नाही हे विचारायचं राहून गेलं, घरात खाणारी तोंडं पाच होती. तेव्हा दारूबंदी होती. आमच्याकडेही लोक यायचे बघायला, पण ते कॅमेरे आणत नसत, काठ्या आणत.

ही गोष्ट मी लग्न होऊन बाळकुमला आले तशी गिळून टाकली. नवरा गेला, त्याला माहीत नव्हती. मुलाला तर नाहीच.

माझी नात जंतूंचं शिकली आहे. पदवीचं नाव मला उच्चारता येत नाही. दोन वर्षांपूर्वी ती वागळे इस्टेटमध्ये कामाला लागली. घरी सांगितलं, खाण्याच्या पदार्थांची लॅब आहे. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, एकदम खूश. लॅब म्हटली की पांढरा कोट आला, एसी आला. स्थळांच्या कागदावर बरं दिसतं.

मला आठवड्यात कळलं. तिने संध्याकाळी ओढणी खुर्चीवर टाकली, मी धुवायला उचलली आणि नाकाला वास आला. आंबल्याचा. इडलीच्या पिठाचा नव्हे.

"काय गं, पिंप कुठे पुरलंय?" मी विचारलं.

ती पांढरी पडली. मग दार लावून घेतलं आणि सांगितलं, "आजी, ती बियरची फॅक्टरी आहे. छोटी. तिथे मी बियर बनवते. सगळी मीच बघते, धान्य भिजवण्यापासून. पप्पांना बोलू नको हां, ते घरी बसवतील."

"आवडतं का तुला?"

"खूप."

"मग मला काय करायचंय बोलून?"

त्या दिवशी तिने माझ्या मोबाईलमध्ये इन्स्टा टाकून दिलं, तिच्या कारखान्याचं पान दाखवायला. बाकीचे दहा मी शोधले. आपल्या पोरीचं काम चांगलं की दुसऱ्यांचं, हे ताडून बघायला नको का?

मधे डोंबिवलीहून स्थळ आलं. मुलगा नोकरीवाला, सरळ, बोलायचं काम त्याच्या काकांकडे. काका फोनवर माझ्या मुलाशी तासभर बोलले. त्यात मुलीच्या शिक्षणावर दोन मिनिटं गेली असतील. बाकी वेळ हळदीवर. आमच्याकडे लग्नाला माणसं कमी आली तर चालतात, हळदीला कमी आली तर नाक कापलं जातं. मटण, डीजे आणि बियरच्या पेट्या. मुलाच्या हळदीला मुलीकडून पेट्या याव्यात असा काही शास्त्रार्थ नाही, पण काकांना वाटत होतं की वीस आल्या तर शोभेल. आणि थंड पाहिजेत.

"वीस ना, होऊन जाईल," माझा मुलगा म्हणाला. हाच मुलगा घरात दारूचं नाव काढू देत नाही. थोरल्या नातवाच्या हळदीला पेट्यांची चळत नवऱ्यामुलापेक्षा उंच होती आणि हा ओपनर गळ्यात अडकवून फिरत होता. पण तो रिवाज, त्याला दारू म्हणत नाहीत.

मग मी चूक केली.

नातीच्या कारखान्याने तिचा व्हिडिओ टाकला. पायात गमबूट, केस वर बांधलेले, हातात फावडं, एवढ्या मोठ्या टाकीत वाकून ती उकळलेल्या धान्याचा चोथा बाहेर ओढत होती. शेवटी कपाळ पुसून हसली. खाली लिहिलं होतं, ही आमची बियर बनवणारी. मी चार वेळा बघितला. आमच्या वयाची माणसं नुसता बदाम दाबून गप्प बसत नाहीत. घरातल्या पोरीचं कौतुक झालं की ती कोणाची कोण ते चारचौघांत सांगायचं असतं, नाहीतर ते कौतुक भलतीकडे जातं. म्हणून मी सावकाश, एकेक अक्षर शोधून लिहिलं, की ही माझी नात. बापाचं पूर्ण नाव लिहिलं. बाळकुममधली आमची आळी लिहिली, बिल्डिंग लिहिली. खूप मोठी हो बाळा, असं लिहून हात जोडले.

बियरवाल्यांना वेड लागलं. त्यांनी माझा आशीर्वाद सगळ्यात वर चिकटवला, त्याचा वेगळा फोटो केला, भोवती फेस काढला आणि परत टाकला. हजारो लोकांनी बदाम दिले. त्यातला एक डोंबिवलीच्या मुलाच्या मावशीचा होता.

घरात काय झालं ते लिहीत नाही. मुलगा ओरडला, सून रडली, नात मला काही बोलली नाही. तेच जास्त लागलं. रविवारी डोंबिवलीचे येतो म्हणाले, बोलायला. आदल्या दिवशी माझ्या मुलाने नातीला बजावलं, "उद्या ते जे म्हणतील त्याला हो म्हणायचं. सोमवारपासून ते काम बंद."

काका, लग्नाचा मुलगा आणि त्याची आई आली. काकांनी पोह्यांची बशी हातात घेतली आणि सुरुवात केली. "मुलगी आम्हाला पसंत आहे. शिकलेली आहे. फक्त ते काम सोडायचं. आमच्या घरात दारूचं चालत नाही."

"मग हळदीला काय ठेवताय? कोकम सरबत?" मी म्हणाले.

"आई, तू आत जा," माझा मुलगा म्हणाला.

"बोलू द्या हो त्यांना," काका हसले. "आजी, ते वेगळं. चार माणसं येणार, त्यांचं बघायला लागतं."

"वीस पेट्या बघायला लागतं. आणि थंड."

"ती पिणाऱ्यांची गोष्ट झाली. मुलीच्या जातीने बनवायची म्हणजे..."

"म्हणजे तुमच्या पोटात गेली तर रिवाज, आणि तिच्या हाताला लागली तर विटाळ."

काकांनी बशी खाली ठेवली. "आजी, स्पष्टच बोलतो. चांगल्या घरातल्या बायका असलं काम करत नाहीत."

मी माझ्या मुलाकडे बघितलं. त्याला हे असं कळू नये म्हणून पन्नास-पंचावन्न वर्षं तोंड मिटून काढली होती. पण पोरीचं काम माझ्या बोटांनी घालवलं होतं, ते परत मिळवून देणं माझ्याच गळ्यात होतं.

"माझी आई खाडीत हातभट्टी लावायची," मी म्हणाले. "आणि मी चौदाव्या वर्षापासून तो माल टायरच्या ट्यूबमध्ये भरून, लुगड्याखाली पोटाला बांधून, चालत बाळकुमपर्यंत पोचवायचे. बघणाऱ्याला वाटायचं पोर पोटुशी आहे. हा समोर बसलाय ना चांगल्या घरातला बाप, त्याची आई मी. मोडायचं असेल तर माझ्या नावावर मोडा. ती पगारावर आहे, लायसनवाल्या कारखान्यात आहे आणि तिला काठ्या घेऊन शोधायला कोणी येत नाही."

तेवढ्यात नात आतून बाहेर आली. हातात चहाचा ट्रे होता, तो तिने नीट टेबलावर ठेवला.

"काका, मी काम सोडणार नाही," ती म्हणाली. "पप्पा, सॉरी."

लग्नाचा मुलगा इतका वेळ आपल्या पायांकडे बघत होता, तो अजून बघतच राहिला. मग सगळे उठले. पोहे मात्र संपवून गेले.

माझा मुलगा माझ्याशी तीन आठवडे बोलला नाही. पाणी हवं असलं तरी सुनेमार्फत. मीही त्याच्यामागे गेले नाही, या वयात गप्प बसायचे कोणी पैसे घेत नाही. नात मात्र सोमवारी कामाला गेली. ती दारातून बाहेर पडताना त्याने पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "त्या टाकीत वाकतेस, पाय घसरत नाही ना?"

म्हणजे व्हिडिओ त्यानेही शेवटपर्यंत बघितला होता.

परवा सकाळी मी चहाबरोबर माझी पानं बघत होते. नातीच्या कारखान्याच्या त्याच पोस्टखाली, माझ्या चिकटवलेल्या आशीर्वादाच्या जरा खाली, एका गृहस्थांनी लिहिलं होतं, "हळदीसाठी वीस पेट्या पाहिजेत. होलसेल भाव काय? थंड मिळतील का?" फोटो फेट्यातला होता, पण चेहरा मी ओळखला. पोहे खाताना जवळून बघितला होता. पुतण्याचं दुसरीकडे जमलेलं दिसतं.

कारखानेवाले उत्तर द्यायच्या आधी मी दिलं. एकेक अक्षर शोधून.

"अभिनंदन. नवरी काय काम करते?" असं लिहिलं आणि हात जोडले.