न मोजलेल्या विहिरी

विहिरींतल्या पाण्याची नोंद ठेवणारा एक प्रोग्राम मी लिहिला होता. बेलापूरला घरी बसून, कॉलेजातली शिकवणी सांभाळून. ओपन सोर्स, म्हणजे कोड कुणीही वाचावा, सुधारावा. सुधारणारे आम्ही पाच-सहा जण झालो, काही गावं तो वापरूही लागली. पण एकमेकांचं लिहिलेलं कुणी वाचत नव्हतं. ज्याला जे सुचेल ते तो थेट घालून मोकळा व्हायचा.

मग आमच्यातल्या पारनेरकडच्या एका मॅडमनी कोड तपासायचं एक साधन सुचवलं. ते बसवलं की दुसऱ्यानं वाचून मान्य केल्याशिवाय कुणाचाच बदल आत जाणार नाही. "चांगलंच आहे," मी ग्रुपवर लिहिलं. मनातून मात्र मला ते नको होतं. सगळ्यात जुना भाग माझा होता आणि माझ्याशिवाय तो कुणी पाहिलेला नव्हता.

पहिला बदल मीच पाठवला, अगदी किरकोळ. दुपारी मॅडमचा शेरा आला, तोही बदलाच्या वरच्या जुन्या ओळीवर: "सर, मोजणीचा रकाना रिकामा असेल तर आपण शून्य धरतो का?"

ती ओळ मी उघडून पाहिली; शून्यच धरत होतो. आमचा आकडा विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतच्या खोलीचा. शून्य म्हणजे विहीर काठोकाठ भरलेली. जी विहीर मोजलीच नव्हती, ती माझा प्रोग्राम इतकी वर्षं भरलेली धरत होता.

त्याच संध्याकाळी पाच वाजता एका गावात ग्रामसभा होती. कांदा किती लावायचा, ते गावातल्या सगळ्या विहिरींच्या सरासरी आकड्यावर ठरणार होतं. तिथल्या विहिरी मोजणाऱ्या ताईंना मी फोन लावला.

"ताई, आकडा चुकलाय. दाखवलंय त्यापेक्षा पाणी कमी आहे."



"मागल्या साली कांद्याला पानी पुरलं न्हाई," त्या म्हणाल्या. "कुनीतरी लई उपसलं म्हनून गावात भांडनं झाली."

"चूक माझी होती, ताई."

"मंग बरोबर आकडा कवा देता?"

दुरुस्ती दहा मिनिटांत झाली, पण ती अडकली तपासणीत. ते साधन बंद करायचा अधिकार माझ्याकडे होता. मी मॅडमना फोन केला, त्या एसटीत होत्या.

"बंद करू नका, सर. सुप्याला उतरते आणि वाचते."

स्टाफरूममध्ये मी घड्याळाकडे बघत बसलो. चार वाजून गेले. मग शेरा आला: "जिथं 'कोरडी' असं अक्षरात लिहिलंय, त्या विहिरींचं काय?" त्याही शून्यच होत होत्या. म्हणजे कोरड्या विहिरीसुद्धा मी भरून ठेवल्या होत्या. पुन्हा लिहिलं, पुन्हा पाठवलं. पावणेपाचला मान्यता आली आणि आकडा ताईंकडे गेला. कांदा निम्म्यावर आणून बाकीच्या रानात हरभरा करायचं सभेत ठरलं, असं त्यांनी कळवलं.

रविवारी मी त्या गावी गेलो. देवळापुढं जमलेल्या लोकांना झालेली चूक सांगितली. पुढ्यात माइक होता, तो मी घेतला नव्हता. ज्याच्यावर जास्त उपसल्याचा आळ आला होता, तो शेतकरी मागं खांबाला टेकून उभा होता.

"सर," तो म्हणाला, "मागच्यांना ऐकू न्हाई आलं. जरा माइकवर सांगा."

मी माइक हातात घेतला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.