हरवलेल्या मुलीची बहीण

आमच्या धाकटीला अजून जग शोधतंय. ती रोज सकाळी डबा घेऊन कामाला जाते, संध्याकाळी घरी येते, भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरते, टीव्हीसमोर झोपते, आणि तरी तिला जग शोधतंय. मी दोन दिवस कामावर गेले नाही, तर आमच्या पडदे शिवायच्या दुकानात तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात येतं.

झालं असं की चार वर्षांची असताना ती एका दुपारी हरवली. सगळी बिल्डिंग पालथी घातली, रस्ते पालथे घातले. आई जिन्यात बसून रडत होती. आमचा आतेभाऊ तेव्हा नवीन नवीन नोकरीला लागला होता, त्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर होता. त्याने धाकटीचा फोटो टाकून एक ईमेल लिहिली. मुलगी हरवली आहे, फ्रॉक पिवळा, कृपया ओळखीच्या सगळ्यांना पाठवा, खाली आमच्या घरचा फोन नंबर. तासाभरात धाकटी सापडली. आतेभावाने दुसरी ईमेल पाठवली, मुलगी सापडली, आभारी आहोत. ती दुसरी ईमेल कुणीही कुणालाही पाठवली नाही. हरवल्याची मात्र अजून फिरतेय. आधी ऑफिसांतून फिरली, मग फोनवर आली. पिवळा फ्रॉक केव्हाच फरशी पुसून पुसून विरला.

कुठून कुठून फोन यायचे. एक बाई तर रडल्या होत्या. बाबा प्रत्येकाशी बोलायचे. "सापडली हो, त्याच दिवशी सापडली. जिन्याखालच्या अडगळीत, मोडक्या कपाटामागे झोपली होती. मीच वाकून बाहेर काढली." नंबर बदलू या म्हटलं की म्हणायचे, लोक काळजीने विचारतात, त्यांना उत्तर नको द्यायला? ही काळजी कुणाची, तर धाकटीची. माझ्यासाठी त्या फोनवर आयुष्यात फक्त दुकानातून निरोप आले, की पडद्याच्या कड्या संपल्यात, येताना घेऊन ये.

आता ही धाकटी मोठी होऊन काय झाली म्हणाल, तर वजनकाटे तपासणारी. सरकारी नोकरी. पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानादुकानांत जाते, काट्यावर वजन ठेवते आणि दुकानदाराच्या तोंडाकडे न बघता काट्याकडे बघते. घरीही तेच. सिनेमाच्या खुर्चीत सुया टोचून ठेवतात, ही ईमेल दहा जणांना पाठवली नाही तर घरात वाईट घडतं, असलं काही कुणी पाठवलं की ही बया मूळ कुठून निघालं ते खणून काढणार आणि सगळ्यांना एका ओळीत कळवणार, की हे खोटं आहे. मी तिचं नाव पुरावेबाई ठेवलंय. नातेवाइकांत तिचा केवढा मान. काही आलं की आधी तिला विचारतात. मी तेच म्हटलं असतं तर म्हणाले असते, हिला काय कळतंय.

स्वतःच्या हरवल्याच्या ईमेलपुढे तिचं काही चालत नाही, याचा मला आनंद व्हायचा. खोटं कशाला सांगू? "ती मुलगी मीच, मी घरी आहे," असं ती लिहायची, तर एकाने उलट लिहिलं, असल्या गोष्टींची थट्टा करायला लाज कशी वाटत नाही. मी आठवडाभर हसत होते.

पण मागच्या महिन्यात माझं हसू जिरलं. दुकानात शेजारच्या मशीनवर बसणारीने फोन पुढे केला. तीच ईमेल, पण फोटोला आता लाल गोल काढलेला. धाकटीच्या खांद्यावर एक हात आहे, त्याच्याभोवती. खाली लिहिलं होतं, हा हात नीट पाहा, मुलीला पळवणाऱ्या बाईचा हात आहे.

तो हात माझा. फोटो दोघींचा होता. आतेभावाने घाईघाईत कात्रीने मला कापलं, कारण मी काही हरवले नव्हते. हात तेवढा राहिला. मी शेजारणीला म्हटलं, "अगं, हा माझा हात आहे." ती खो खो हसली. जरा वेळाने मात्र तिने आपली पर्स उचलून पलीकडे ठेवली.

संध्याकाळी मी धाकटीला म्हटलं, लिही सगळ्यांना. तिने लगेच लिहिलं, हात माझ्या बहिणीचा आहे. मी म्हटलं, आता हेही लिही, की तुला शोधलंही तिनेच. कारण मीच शोधलं होतं. मी नऊ वर्षांची होते, जिन्याखाली शिरले, झोपलेल्या या ठोंबीला बखोटीला धरून वर आणली. आईने तिला मिठी मारली, शेजारणींनी तिचे मुके घेतले, आणि माझ्या सोलवटलेल्या कोपरावर कुणी फुंकरही घातली नाही.

पुरावेबाई म्हणाली, "कशावरून? बाबा तर म्हणतात त्यांनी काढलं."

"जगात कुणावर विश्वास ठेवत नाहीस, आणि बाबांचं तेवढं काट्यावर न ठेवता खरं?"

"बाबा कशाला खोटं बोलतील?"

"आणि मी कशाला बोलेन?"

"ताई, रागावू नकोस. पण तुला माझं सगळंच खुपतं."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मी तिच्याशी बोलणं टाकलं.

पुढच्या रविवारी आत्या जेवायला आली, बरोबर आतेभाऊ आणि त्याची बायको. तो कित्येक वर्षं दूर नोकरीला होता, नुकताच बदली होऊन आलेला. जेवणं झाल्यावर त्याच्या बायकोने ईमेलचा विषय काढला आणि बाबांची कळी खुलली. "मी वाकलो, कपाट सरकवलं, तर ही आपली गाढ झोपलेली." मी ताटं उचलायला लागले.

आतेभाऊ सहज म्हणाला, "मामा, तुम्ही कुठे होतात तिथे? ऑफिसात माझ्या खुर्चीमागे उभे होतात. फ्रॉक पिवळा लिही, पिवळा लिही, म्हणून मला सांगत होतात. मग मामीचा फोन आला, सापडली म्हणून."

धाकटीने मान वर केली. दुकानदाराच्या काट्याकडे बघते तशी बघायला लागली. आतेभावाला विचारलं, बाबा ऑफिसातून निघाले कधी. फोननंतर, तो म्हणाला. मग आईकडे वळली. आई, तू फोन केलास तेव्हा मी कुठे होते? आई म्हणाली, माझ्या मांडीवर. आणलं कुणी? आईने पदराशी चाळा केला. "थोरलीने आणलं. तुझे बाबा इतक्या हौसेने सांगायचे, मी म्हटलं सांगू देत. मुलगी सापडली ना, मग कुणी का शोधेना."

इतकी वर्षं आईला माहीत होतं. ताटं माझ्या हातातच राहिली.

धाकटी सरळ म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगता ते खरं नाही. मला ताईने शोधलं. मी तिला खोटं ठरवलं, ते चुकलं माझं."

किती वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती. आणि झालं काय? आत्याने धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, किती मोठं मन आहे हिचं, चूक कबूल करायला धाडस लागतं. आतेभावाची बायको म्हणाली, खरंच. शोधलं मी, आणि कौतुक पुन्हा तिचंच. मला वाटलं, ताटं तिथेच आपटावीत.

बाबा मात्र गोंधळून बसले होते. ते खोटं बोलत नव्हते. सांगता सांगता त्यांना ते कपाट, ती धूळ, सगळं स्वतःचं वाटायला लागलं होतं. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सगळी बिल्डिंग शोधत होती. मोठी मोठी माणसं. तिथे बघायचं कुणालाच सुचलं नाही. तुला कसं सुचलं गं?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"मी रुसले की तिथेच जाऊन बसायचे," मी म्हटलं. "कुणी शोधायला येतंय का बघत. मग अंधार पडला, भूक लागली, की आपली आपण वर यायचे."