रत्नाचे तेरा किलो

रत्ना बारीक झाली, किती छान दिसते, असं कुणी म्हटलं की माझा हात शिवशिवतो. मागच्या महिन्यात एका लग्नात एक बाई तिला खोदून खोदून विचारत होती, "अगं, खातेस तरी काय? आम्हालाही सांग की!" रत्ना म्हणाली, "भाकरी." मी त्या बाईला म्हटलं, "बाई, पंगत बसली, जेवून घ्या." 

मी रत्नाची नणंद, पुष्पा. मला दिली सावद्याला, केळीच्या बागांत. प्रेमराज माझा धाकटा भाऊ, जळगावला पिंप्राळ्यात राहायचा. वीस वर्षं केळीच्या गाड्या भरल्या त्याने. कधीही फोन करा, "अक्का, बठ्ठं ठीक शे," सगळं ठीक आहे, एवढंच बोलायचा. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हाही हेच बोलला.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. किडनी द्यायला मी पुढे झाले, तर माझी साखर निघाली. मी बाद. त्याची पोरगी मेघा एकोणीसची, तिचं नाव त्याने काढूच दिलं नाही. राहिली रत्ना. रक्त जुळलं, सगळं जुळलं आणि मग डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं. शहाऐंशी किलो.

"चौऱ्याहत्तरच्या खाली या, मग तारीख देतो," डॉक्टर म्हणाले.

रत्ना म्हणाली, "उद्यापासून जेवतच नाही." तिथे आहार सांगणारी एक काडीसारखी पोरगी होती, ती हसली. म्हणाली, "उपाशी राहून अशक्तपणा आला तर किडनी कोण घेणार तुमची? महिन्याला दोन किलो पुरे. रोज काय खाता ते सांगा."

"काहीच नाही," रत्ना म्हणाली. "सगळ्यांचं झालं की एक भाकरी."

मला हसूच आलं. अहो, ती भाकरी ताटावर बसून खाल्लेली. बाकीचं उभ्याने! कढईला चिकटलेली शेवभाजी पोळीने पुसून. मेघाने टाकलेला भात. कालचं भरीत, वर तेल तरंगतं तसंच. शेवटची पुरणपोळी, कारण एकच उरली. उरलंसुरलं पोटात घालायचं हे तिचं कामच होतं; भांडी घासण्याआधीचं. ते खाणं आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. मलाही नव्हतं, तर तिला काय नावं ठेवू?

भाद्रपदात सुरुवात केली. ताट गेलं, ताटली आली. तेलाच्या बरणीत चमचा टाकला, माणशी एक. जेवणाआधी काकडी, मुळा, जे असेल ते. शेव घरात आणणं बंद. चहा बिनसाखरेचा, पहिले आठ दिवस तोंड वाकडं करून प्यायली. रात्रीचं जेवण सातला. आणि मोजकाच स्वयंपाक, म्हणजे उरायलाच नको. तरी उरलं तर गायीला.

दर महिन्याच्या एक तारखेला ती गल्लीतल्या उखर्डूच्या पिठाच्या चक्कीवर जायची. गव्हाची पोती तोलतात त्या काट्यावर उभी राहायची. उखर्डू भिंतीवर खडूने आकडा लिहायचा आणि म्हणायचा, "वहिनी, पोतं फाटलं वाटतं, दाणे सांडू राहिले!" ती हसायची. चौऱ्याऐंशी. ब्याऐंशी. दिवाळीच्या महिन्यात कमीच झालं नाही, तेव्हा रडली. मग पुन्हा ऐंशी. एकेक किलो उतरताना तिला वाटायचं, नवऱ्याला तेवढंच जवळ ओढलं. हे तिनेच मला सांगितलं.

प्रेमराजचा कागद वेगळा. तो फ्रिजच्या दारावर चिकटवलेला होता. मीठ बंद, टोमॅटो बंद, नारळपाणी बंद, केळी बंद. केळीखाली पेनाने दोन रेघा मारलेल्या, बाजूला 'पोटॅशियम' लिहिलेलं. तो कागद मी वाचला होता. लक्षात ठेवा, मी वाचला होता.

आणि तरी मी केळी आणायचे. त्या काडीसारख्या पोरीने रत्नाला सांगितलं होतं, सकाळी एक केळं चालेल. एक म्हटलं की मी एक आणणार का? सावद्याहून माहेरी यायचं आणि रिकाम्या हाताने? पंधरा दिवसांनी मी यायचे ती केळ्यांची अख्खी फणी घेऊन. आमच्याकडे केळं मोजत नाहीत, विकत घेत नाहीत, कुणी खाल्लं तर त्याला खाल्लं म्हणत नाहीत. रत्ना रोज एकच खायची, नेमाने. बाकीची काळी पडायची. भाऊ खाटेवर बसून बघायचा आणि म्हणायचा, "वाया चालली, अक्का." मी म्हणायचे, "जाऊ दे. तू नको बघू."

एक एप्रिलला उखर्डूने त्र्याहत्तर लिहिलं आणि चक्की बंद करून स्वतः सांगायला घरी आला. डॉक्टरांनी मेच्या मध्यावरची तारीख दिली. रत्नाने त्या दिवशी पहिल्यांदा आरशात पाहिलं असेल. ब्लाऊज खांद्यावरून उतरत होता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी आले. या वेळी फणी नाही, अख्खा घडच आणला. आनंद झाला होता हो मला! भाऊ वाचणार होता. त्या दिवशी त्याचं डायलिसिस होतं. तो म्हणाला, "सणाचं राहू दे, अक्का आली, उद्या जातो." एक दिवसाने काय होतं, असं मीही म्हटलं. रत्नाने त्याच्यासाठी बिनमिठाचं वेगळं रांधलं, स्वतः एक मांडा खाल्ला आणि हात धुतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाटेवरून उठेना. "पायात जीवच नाही," म्हणाला. रिक्षा आणली. रिक्षात त्याने माझ्याकडे पाहिलं. दवाखान्याच्या दारात त्याचं हृदय बंद पडलं. आत नेऊन त्यांनी खूप केलं. नंतर डॉक्टर बाहेर आले, हातात रक्ताचा रिपोर्ट. "पोटॅशियम फार वाढलं होतं. काय खाल्लं यांनी?"

आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "काहीच नाही."

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मेघाने गाडीचे कागद काढायला बापाच्या स्कूटरची डिक्की उघडली. आत एक पिशवी होती. पिशवीत केळीची सालं, वाळून काळी झालेली. मी मोजली. अकरा. घडाच्या वरच्या फणीतली, लवकर पिकलेली. ज्याने वीस वर्षं घड खांद्यावर वाहिले, त्याला ते सडताना बघवलं नसेल. किती महिने असं चाललं होतं, कुणास ठाऊक.

रत्नाने पिशवी हातात घेतली. रडली नाही. म्हणाली, "अक्का, आधी सगळं उरलेलं मीच संपवायची ना."

 घड मी आणला होता. मी घरी आले, भांडी घासली, जेवले, झोपले. वर्ष झालं, मला काहीच वाटत नाही. रडायला बसते आणि गॅसवर दूध ठेवलंय हे आठवतं.

रत्ना अजून ताटलीतच जेवते. एक तारखेला अजून चक्कीवर जाते. त्र्याहत्तर. उखर्डू आता नुसता आकडा लिहितो.

परवा आखाजी झाली, गेलेल्यांच्या नावाने घागर भरायचा दिवस. प्रेमराजच्या नावाची पहिली घागर भरली. वर खरबूज ठेवलं, समोर ताट वाढलं. ताटली नव्हे, ताट. मांडे, आमरस, कुरडई, भजी, सगळं मिठाचं. या वेळी मी रिकाम्या हाताने गेले होते, आयुष्यात पहिल्यांदा. रत्नाने मेघाला दुकानात पाठवून दोन केळी आणवली. विकत. ती सोलली आणि ताटात ठेवली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, केळी नको त्याला!"

"राहू द्या, अक्का," रत्ना म्हणाली. "आता चालतात त्यांना."