डबलमिस्त्रींची विंच

डबलमिस्त्रींनी बनवलेली वस्तू मोडली, असं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. ती जागची हलली, असंही कोणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या घरातलं चपलांचं कपाट अख्खं लोखंडी होतं; आतून अँगल, बाहेरून पट्टी आणि कोपऱ्याकोपऱ्यात दुहेरी वेल्डिंग. घराला नवा रंग लागायचा, पण त्या कपाटामागची भिंत अजून जुन्याच पिवळ्या रंगाची होती, कारण कपाट सरकवणार कोण? शाळेचं फाटक त्यांनी करून दिलं, तर ते उघडायला दोन शिपाई लागायला लागले. मुख्याध्यापकबाई तक्रार घेऊन आल्या, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "बाई, चोर एकटाच येतो." बाई परत गेल्या आणि तिसरा शिपाई शोधायला लागल्या.

एका बोल्टची जागा दिसली की मिस्त्री दोन लावत. वॉशरखाली वॉशर, नटावर नट, वेल्डिंगवर वेल्डिंग. "डबल करून टाकू," हे त्यांचं पालुपद, आणि त्यावरूनच हे नाव पडलेलं. गिऱ्हाईक कुरकुरलं की ते चष्मा कपाळावर चढवून विचारत, "सिंगलवर भरवसा ठेवून झोप लागेल तुम्हाला? मला नाही लागत." गिऱ्हाइकाला झोप अगदी छान लागत असे, पण मिस्त्रींच्या हातात ग्राइंडर असताना हे सांगायची हिंमत होत नसे.

एवढं सगळं दोन-दोन लावणाऱ्या या माणसाला मुलगी मात्र एकच होती. ती गुरांची डॉक्टर झाली आणि डोंगरापलीकडच्या दवाखान्यात तिला नोकरी लागली. तिकडचे रस्ते म्हणजे अर्धे दगड आणि अर्धा चिखल. म्हणून तिने एक जुना, उंच चाकांचा, चारही चाकांनी ओढणारा ट्रक घेतला. दवाखाना बघायला गेली त्याच दिवशी तो चिखलात असा रुतला की एक ट्रॅक्टरवाला देवासारखा येईपर्यंत बाईसाहेब टपावर बसून शेंगा खात होत्या. घरी येऊन तिने हे हसत हसत सांगितलं. तिची आई हसली. मिस्त्री मात्र तडक बाहेर गेले आणि ट्रकची चारही चाकं दोन-दोनदा दाबून बघून आले.

मग मुलगीच एक विंच घेऊन आली. विंच म्हणजे पुढच्या बंपरवर बसवायची मोटर आणि तिच्या ड्रमला गुंडाळलेला पोलादी दोर. गाडी रुतली की दोर समोरच्या झाडाला बांधायचा, रिमोटचं बटण दाबायचं, की गाडी स्वतःच स्वतःला ओढून बाहेर काढते.

"म्हणजे कोणाची मदत लागत नाही?" मिस्त्रींनी विचारलं.

"कोणाचीच नाही. बसवून द्या ना बाबा. सोमवारी हजर व्हायचंय, रविवारी दुपारी निघीन म्हणते."

कोणाचीच मदत लागत नाही, हे ऐकून मिस्त्रींना फार बरं वाटलं, आणि त्याच वाक्याने फार वाईटही वाटलं. कोणाचीच नाही म्हटल्यावर त्यात बापही आला की. पण हे असलं काही बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती. ते एवढंच म्हणाले, "माझ्या हाताने तपासल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. किल्ल्या दे." गाडीच्या दोन्ही किल्ल्या त्यांनी शर्टाच्या खिशात टाकल्या, बटण लावलं आणि बटणावर सेफ्टी पिन लावली.

काम तसं साधं होतं. जुना बंपर काढायचा, गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चासीला, एक जाड प्लेट बोल्टांनी पक्की करायची, तिच्यावर विंच बसवायची आणि बॅटरीपासून केबल आणायची. कुठलाही शहाणा मिस्त्री दिवसात उरकून मोकळा झाला असता. आपल्या मिस्त्रींनी प्लेट कापली, भोकं पाडली, बसवली, दोन पावलं मागे जाऊन बघितली आणि म्हणाले, "पातळ वाटते." काढली. प्लेटखाली दुसरी प्लेट आली. बोल्टशेजारी बोल्ट आला. मग दोन्ही प्लेटांना जोडणारी आडवी पट्टी आली आणि त्या पट्टीला एकटं वाटू नये म्हणून तिची बहीण आली. शेवटी बंपर एवढा जड झाला की ट्रकने नाकच टेकलं. दिव्यांचा उजेड समोर पडायच्या ऐवजी चाकांपुढच्या जमिनीवर पडायला लागला. काहीतरी हरवलंय आणि गाडी ते शोधतेय, असं वाटे.

शेजारच्या दुकानातला टायरवाला कामधंदा सोडून टायरांच्या थप्पीवर बसून हे सगळं बघत होता. त्याला प्रत्येक गोष्टीवर मत होतं आणि ते विचारावं लागत नसे. "मिस्त्री," तो म्हणाला, "आता गाडी रुतणारच. विंच लागावी म्हणून तरी रुतेल."

मिस्त्रींनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुढच्या स्प्रिंगांना एकेक पट्टी वाढवून त्यांनी गाडीचं नाक वर आणलं. मग बंपरचा रंग आवडला नाही. मग वाळलेला रंग आवडला नाही. मग केबल जिथून घेतली होती तिथून घ्यायला नको होती. रविवारची सकाळ उजाडली, मुलीची बॅग दाराशी आली, आणि मिस्त्री पुन्हा प्लेटचे बोल्ट सैल करताना बायकोला दिसले.

"अहो," ती चहाचा कप बॉनेटवर ठेवत म्हणाली, "तीच प्लेट काढताय आणि तीच लावताय. पोरीला अडवायचंच असेल तर सरळ तोंडाने अडवा ना. त्या बिचाऱ्या बोल्टांना कशाला छळताय?"

"अडवतोय कोण? तपासणी राहिलीय," मिस्त्री म्हणाले आणि बोल्ट परत आवळायला लागले. कान मात्र लाल झाले होते.

मुलगी बाहेर आली. तिने बाह्या वर केल्या होत्या. "चला, करूनच टाकू तपासणी. गावाबाहेर ओढ्याकाठी चिखल आहे, झाडंही आहेत. तिथे बघू."

ओढा तिच्या वाटेवरच होता. तिथवर गेलेली गाडी परत येणार नाही, हे मिस्त्रींच्या लगेच लक्षात आलं. "लांब कशाला जायचं? इथेच बघू. गाडीच्या चाकांखाली ओटाचे ठोकळे लावू, ब्रेक ओढू आणि दोर माझ्या खांबाला बांधू. प्लेट जरा जरी कुरकुरली तरी कळेल."

त्यांचा खांब म्हणजे घराला लागून असलेल्या वर्कशॉपच्या पुढच्या बाजूचा, पत्र्याचं छप्पर तोलून धरणारा लोखंडी पाइप. मुलीने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. खांबाच्या बुडाशी भंगाराचा ढीग होता.

"याला खाली बोल्ट किती आहेत?"

हा प्रश्न मिस्त्रींना तोंडात मारल्यासारखा लागला. "कोणाला विचारतेस? मीच उभा केलाय तो!"

"म्हणूनच विचारलं," मुलगी म्हणाली, पण तिने वाद घातला नाही. दुपारी निघायचं होतं.

चाकांना ओट लागले, अर्थात दुहेरी. दोर खांबाला खालून बांधला आणि दोरावर जाड घोंगडी टाकली, म्हणजे तुटलाच तर उसळणार नाही. मिस्त्रींनी सगळ्यांना लांब उभं केलं. "दोर ताणलेला असताना कोणी जवळ यायचं नाही! सख्खा बाप असला तरी नाही!" टायरवाला थप्पीवरून उतरून थप्पीमागे गेला. मिस्त्रींनी रिमोट हातात घेतला आणि बटण दाबलं.

मोटर गुरगुरली. दोर सरळ झाला, ताणला, तारेसारखा कडक झाला. गाडी तसूभर हलली नाही. बंपरने हूं की चूं केलं नाही. मिस्त्रींचा चेहरा खुलायला लागला; आठवड्याभरात तो पहिल्यांदाच खुलत होता. "बघितलंस? याला म्हणतात काम! आता हत्ती आणून बांध, हत्ती..."

टण्णकन आवाज झाला. भंगाराचा ढीग बाजूला सारत खांबाचं बूड फरशीवरून घसरत पुढे आलं, अगदी सावकाश, जणू त्याला गाडी जवळून बघायची होती. त्याच्यापाठोपाठ छप्पर, दमलेला माणूस खाली बसतो तसं, एका बाजूने खाली बसलं. सगळ्यात शेवटी वरची पाटी सुटली आणि मिस्त्रींच्या पायाशी येऊन उताणी पडली. तिच्यावर लिहिलं होतं, 'कामाची पूर्ण खात्री'.

मग थप्पीमागून टायरवाल्याचं डोकं वर आलं. "मिस्त्री, विंच एकदम फर्स्टक्लास बसलीय हां."

मुलगी खांबाच्या बुडाशी उकिडवी बसली. बुडाच्या प्लेटला एक भोक होतं, आणि फरशीत तुटलेल्या बोल्टचं एक टोक होतं. ती ते पाहतच राहिली. "बाबा, एकच?"

खांबाला एकच बोल्ट आहे, हे मिस्त्री खरोखरच विसरले होते. जगातलं सगळं डबल करताना डोक्यावरचं छप्पर सिंगलवर उभं होतं.

"त्यांना काय विचारतेस?" आई म्हणाली. "तो खांब तुझ्या जन्माआधीचा आहे. तेव्हा हे सगळं सिंगलच लावायचे. वर्कशॉप उघडं टाकून सिनेमाला जायचे आणि रात्री असे घोरायचे की शेजारी भिंत ठोकायचे."

"मग?"

"मग तू झालीस. यांनी तुझा पाळणा करायला घेतला. एका कडीची जागा होती, तिथे दोन लावल्या. मी म्हटलं, एवढंसं पोर, त्याला कशाला? तर म्हणाले, असू दे, एक तुटली तर? तिथून जी सवय लागली ती लागली."

मुलगी बापाकडे बघायला लागली. बाप पाटीकडे बघायला लागला. आणि तेवढ्यात त्यांच्या मनात एक विचार आला, आणि खरं तर पडायला हवा होता तो त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आता बघ, शेड उभी करायची म्हणजे माणसं आली, सामान आलं. मला एकट्याला काही जमायचं नाही. तू दवाखान्यात कळवून टाक. आठवडा तरी गेला आता."

"किल्ली द्या," मुलगी म्हणाली.

"कशाला?"

"शेड उभी करते."

मिस्त्रींना पिन काढून एक किल्ली द्यावीच लागली. मुलीने दोर सोडला, ट्रक बाहेर काढला, वळसा घालून मागच्या गल्लीत नेला आणि वर्कशॉपच्या मागच्या उघड्या बाजूकडे तोंड करून उभा केला. दोर वर्कशॉपमधून आरपार आणून खांबाच्या बुडाला बांधला. टायरवाल्याचा जॅक आला, जॅकवर एक वेगळा पाइप छपराला टेकवून उभा राहिला आणि मिस्त्रींनी दांडा मारत मारत छपराचं ओझं उचललं. मग ते सवयीने खांबाला धरून उभे राहिले.

"बाबा, बाजूला व्हा."

"मी धरतो. तू हळू ओढ."

"दोर ताणलेला असताना कोणी जवळ यायचं नाही. सख्खा बाप असला तरी नाही."

आपलंच वाक्य असं परत आल्यावर माणूस काय करणार? मिस्त्री बाहेर आले आणि बायकोच्या शेजारी उभे राहिले. हातात काहीच काम नसल्यामुळे त्यांना ते हात ठेवायचे कुठे तेच समजेना. मुलीने बटण दाबलं, सोडलं, बघितलं, पुन्हा दाबलं. खांबाचं बूड इंच इंच मागे सरकलं आणि छप्पर कुरकुर करत आपल्या जागी गेलं. तिने बटण दाबलं की मिस्त्रींचा अंगठाही हवेतच दाबला जायचा.

मग तिने ड्रिल घेतलं. लहानपणापासून याच फरशीवर खेळलेली पोर. तिला काय सांगायचं? तुटलेलं टोक काढून जुन्या भोकात तिने नवा बोल्ट बसवला. तो आवळून झाला, तरी ती उठली नाही. खांबाच्या प्लेटला दुसरं भोक पाडायला लागली.

"एक पुरे आहे गं," मिस्त्री म्हणाले. "इतकी वर्षं एकावरच उभा होता."

टायरवाल्याने कानात बोट घालून फिरवलं. आपण जे ऐकलं ते मिस्त्रींच्या तोंडून ऐकलं, यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

मुलीने मान वर केली नाही. "तुम्ही दिवसभर याच्याच खाली बसता," ती म्हणाली. "मला तिकडे झोप लागायला नको?" आणि तिने दुसरा बोल्ट घातला, खाली वॉशर, त्याखाली वॉशर, आणि नटावर नट.

मिस्त्रींनी चष्मा काढून शर्टाला पुसला. तो स्वच्छच होता, पण त्यांना काही दिसत नव्हतं.

मुलगी हात धुऊन आली आणि गाडीची किल्ली तिने बापाच्या तळहातावर ठेवली. "ठरल्याप्रमाणे. तपासणी झाली का तुमची?"

मिस्त्रींनी खांबाकडे पाहिलं, गल्लीतल्या ट्रककडे पाहिलं. आणखी काढण्यासारखं एकही खुसपट सापडेना. "झाली," ते म्हणाले आणि त्यांनी किल्ली तिला परत दिली.

"आणि दुसरी?" आईने विचारलं.

मिस्त्री खिसा चाचपू लागले, तशी मुलगी म्हणाली, "ती राहू द्या तुमच्याकडेच."

बॅग चढली, आईचे डबे चढले, ट्रक सुरू झाला. मिस्त्रींनी दुसरी किल्ली परत खिशात टाकली, वर बटण लावलं, आणि ट्रक वळणापलीकडे दिसेनासा झाल्यावर पिनही लावली.